पिठावरचं पाऊल

मी एका हाउसिंग असोसिएशनचे हिशेब पाहतो आणि शनिवार-रविवारी टीनएजर्ससाठी इंग्रजीत कादंबऱ्या लिहितो. पहिल्या दोन शाळेतल्या चोऱ्यांच्या होत्या. त्यांतल्या बसच्या वेळासुद्धा मी नॉटिंगहॅमच्या खऱ्या टाइमटेबलवरून घेतल्या होत्या. तिसरीच्या वेळी संपादकबाई म्हणाल्या, या वेळी भूत आणा, आणि तुमच्याकडचं आणा. बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. माझ्याकडे भुतासाठी दुसरं काही सामान नव्हतं.

इथे माणूस गेलं की लगेच अग्नी मिळत नाही. क्रिमेटोरियमची तारीख मिळेपर्यंत ती हॉस्पिटलच्या शवागारात होती आणि मी आणि मुलगी घरी टोस्ट खात होतो. अंत्यविधी झाला त्या संध्याकाळी सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं तसं केलं. आजारपणात तिचा पलंग होता त्या जागी ताटात तांदळाचं पीठ सपाट पसरलं, त्यावर धुण्याची बास्केट पालथी घातली, शेजारी दिवा लावला. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं, ते सकाळी पिठावर उमटलेल्या पावलावरून कळतं म्हणे. मुलांनी पाहायचं नसतं, असंही त्या म्हणाल्या. म्हणून मुलगी उठायच्या आत मी एकट्याने बास्केट उचलली. पीठ कोरं होतं. ते कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं, कार्पेट व्हॅक्यूम केलं, आणि जे होतं तेच सासूबाईंना सांगितलं. मुलीलाही.

कादंबरीत मात्र कोरं पीठ चालेना. पुढे काही हलेचना. शेवटी नायिकेला बास्केटखाली एक पाऊल दिसलं, बाईचं, करंगळी आत वळलेलं. करंगळी बायकोची होती. ते पान मी एका बैठकीत लिहिलं आणि तेवढा वेळ मला बरं वाटलं.

माझा प्रत्येक ड्राफ्ट मुलगी वाचायची. तिच्या वयाची मुलं असं बोलत नाहीत, हे सांगायला मला तीच होती. हा ड्राफ्ट घेऊन ती किचनमध्ये आली तेव्हा मी भांडी विसळत होतो.

"बाबा, आईचा पाऊल आला होता ना?"

मी नाही म्हटलं. ही कादंबरी आहे, करंगळी मी आठवणीतून घेतली, हेही सांगितलं.

"तू स्टोरीत काही मेक अप नाही करत, सगळं खरंच लिहितोस. तू बसचा टाइम पण मेक अप नाही करत." ती शांतपणे बोलत होती. "यू सॉ इट. आणि मी उठायच्या आधी तू व्हॅक्यूम केलं."

मी तिला आजीला विचारायला सांगितलं. तिने लगेच फोन लावला. आजी म्हणाल्या, तुझे बाबा कोरं होतं म्हणाले. म्हणजे पुन्हा माझाच शब्द. हिशेब तपासताना, ज्याच्या ताब्यात माल होता त्याच्या एकट्याच्या सांगण्यावर मीसुद्धा कधी सही केलेली नाही. तिच्या जागी मी असतो तरी बापावर विश्वास ठेवला नसता.

मग मी ते पाऊल काढून टाकलं. संपादकबाई नाराज झाल्या. म्हणाल्या, अहो, पुस्तकाचा जीवच काढताय तुम्ही. मी ऐकलं नाही. नायिका बास्केट उचलते, पीठ कोरं असतं, ती ताट धुऊन जागेवर ठेवते. मला वाटलं, घडलं तेच आता छापून येईल आणि मुलीला पटेल.

छापील प्रत आली तेव्हा ती माझ्यासमोरच सोफ्यावर बसली आणि थेट ते पान काढलं. वाचायला वेळ लागला नाही.

"परत पुसलंस," ती म्हणाली आणि पुस्तक माझ्याकडे दिलं.

त्यानंतर तिने माझं काही वाचलेलं नाही. तिने विचारलं तर मी आजही तेच सांगेन, कारण दुसरं काही घडलेलंच नाही. ती विचारत नाही.