एडना जाँगचा मूकपट

नदीकाठच्या एका छोट्या गावात बंद पडलेल्या थेटराच्या माळ्यावर फिल्मचे चार डबे सापडले, तेव्हा एडना जाँग अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. फळांच्या कारखान्यात चाळीस वर्षं पेअर सोलून तिची बोटं वाकडी झाली होती. त्या मूकपटाची नायिका आपण आहोत, हे तिनं नातीलाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं काय? कॅलिफोर्नियातल्या चिनी लोकांनीच पदरमोड करून १९१९ साली तो काढला. पण अफूच्या अड्ड्याशिवाय चिनी बाई दाखवायला एकही थेटरवाला तयार होईना. पुढं तिला दोन चित्रपट मिळाले, दोन्हींत मोलकरणीचं काम. नायिका होती चिनी दिसावी म्हणून चेहरा रंगवलेली गोरी बाई. एडना मुकाट घरी परतली.

आता डब्यावरच्या नावावरून माग काढत संग्रहालयातला पीटर नावाचा तरुण प्रोजेक्टर आणि पडदा घेऊन दारात आला. दृश्यांच्या मधे दाखवायच्या, संवाद लिहिलेल्या पाट्या हरवल्या होत्या. ओठांवरून शब्द सांगाल का, असं त्यानं विचारलं. नात लोरेननं तिला खुर्चीत बसवलं.

पडद्यावर नायकानं तिचा हात धरला.

"इथं काय म्हणताय तुम्ही?"

"बूट चावतायत म्हणतेय. आणि तो विचारतोय, जेवायची सुट्टी कधी?"

लोरेनला हसू आवरेना. पीटर हिरमुसला. "पण हे प्रेमाचं दृश्य आहे."

"दिवसभर उन्हात उभं राहून प्रेम करून बघ," एडना म्हणाली.

चित्रपटाच्या शेवटी ती धक्क्यावर एकटी उभी होती, बोटीकडं बघत. ते दृश्य तिनं पुन्हा लावायला सांगितलं. तिचा धाकटा भाऊ विंग आजोळी, चीनमध्ये वाढला. अमेरिकेला परतला तेव्हा चिनी लोकांची तपासणी करायच्या बेटावर त्याला अडकवून ठेवलं. तो खरंच याच घरचा का, हे ताडायला विचारलेलं, आजोळच्या गावातल्या विहिरीला पायऱ्या किती, हे चौकशीत चुकलं, आणि त्याला आल्या बोटीनं माघारी धाडलं. त्यानंतरच हे दृश्य घेतलं; दिग्दर्शक म्हणाला होता, कुणालाही हाक मार.

"'विंग, जेवलास का?' असं म्हणतेय," ती म्हणाली.

"हे लिहू?"

"नको. लोकांसाठी नव्हतं ते."

पुढं गावात चित्रपट दाखवला, तेव्हा तिथं पाटी आलीच नाही. खेळ झाल्यावर गावातल्या सभागृहात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तुम्ही केवढ्या मोठ्या नटी झाला असता, असं एक बाई हळहळून म्हणाली. एडनानं मान हलवली आणि लोरेनला गाडी काढायला सांगितलं.

वाटेत लोरेननं आजीला विचारलं, "पोपो, विंग पुन्हा कधी आलेच नाहीत?"

"नाही."

"आणि पत्रं?"

"दोन आली," आजी म्हणाली, आणि पूल यायच्या आत तिला झोप लागली.