तात्यांना न कळवलेली चव

आईला नाही, खोलीवरच्या मित्रांना नाही, काकूंना तर नाहीच नाही — ही गोष्ट मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेली नाही. लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. आज उठायचं नाही असं ठरवलंय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही, हे आता कळतंय.

सुरुवात कुठून करू? पाण्यापासूनच करतो.

मी जालन्याचा. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि त्या दिवशी गल्लीत कुणी दुसरं काही करायचं नाही. समुद्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो विमानाच्या खिडकीतून, अमेरिकेला येताना. डेट्रॉइटजवळच्या विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इथं आल्यावर पहिल्या सकाळी न्हाणीघरात उभा राहिलो, तोटी फिरवली, आणि गरम पाणी येतच राहिलं. येतच राहिलं. साबण लावताना मी तोटी बंद करत होतो. शेजारच्या खोलीतला मुलगा हसला. पण मला तेव्हा हसू येत नव्हतं — भीती वाटत होती म्हणा, किंवा देवळात गेल्यावर वाटतं तसं काहीतरी.

तर अशा माणसाला तात्या भेटले.

डेट्रॉइटच्या ट्रॉय नावाच्या उपनगरात सुधाकरकाका आणि काकू राहायचे. काका मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. विद्यापीठातल्या नोटिसबोर्डावर माझं मराठी नाव वाचून काकूंनी फोन केला होता — ओळख ना पाळख — आणि तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी काका मला गाडीतून घेऊन जायचे. वरणभात खायचा, त्यांच्या मशीनमध्ये कपडे धुवायचे, संध्याकाळी डबा घेऊन परत. माझं सामाजिक आयुष्य म्हणजे तेवढंच. बाकीची मुलं शुक्रवारी दुपारपासून कुठं कुठं निघायची, शिकागो, नायगारा, आणि सोमवारी मेसमध्ये फोटो दाखवायची. मी फोटो बघायचो. मला कुणी बोलावत नव्हतं, आणि त्यांचं तरी काय चुकलं? मी तोंडच उघडत नव्हतो.

दुसऱ्या वर्षी वसंतात काकांचे वडील आले, सहा महिन्यांसाठी. तात्या. पैठणच्या बाजूचे. पाटबंधारे खात्यात जन्मभर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ सोडायचं ते बघणारा माणूस. रोज पहाटे तलावावर जाऊन पाण्यातल्या मोजपट्टीवरचा आकडा वहीत लिहायचा, हेही त्यांचंच काम. तीस वर्षं. ट्रॉयमधल्या त्या गालिच्याच्या घरात ते धोतर-टोपीत बसायचे आणि सिंकखाली वाकून पाइप कुठं जातो ते बघायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ‘‘कुठला? कुणाचा?’’ आणि मी खरं सांगून टाकलं — वडील धान्याच्या मोंढ्यात हमाल आहेत. इथं आल्यापासून हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तात्यांनी मांडीवर थाप मारली. त्या दिवसापासून घरी कुणीही आलं की त्यांचं सुरू व्हायचं, ‘‘ह्याचा बाप पाठीवर क्विंटलची पोती वाहतो, आन् हे बघा आमचे रमेशराव!’’ मी मान खाली घालायचो. ते अभिमानानं बोलत होते. त्यांना लाज म्हणजे काय हे माहीतच नव्हतं, आणि मला दुसरं काही माहीत नव्हतं.

एकदा जेवताना तळ्याचा विषय निघाला. काका म्हणाले, ‘‘तात्या, इथून तीन-साडेतीन तास ड्राइव्ह केलं की मिशिगन तळं. एका काठावर उभं राहिलं की दुसरा दिसत नाही.’’

‘‘मग तो समुद्र.’’

‘‘नाही हो. गोडं पाणी आहे.’’

तात्यांचा घास हातात राहिला. ‘‘गोडं? आन् पलीकडचा काठ दिसत न्हाई?’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगा इंजिनियर झाला असला तरी पाण्याबद्दल तोही थाप मारू शकतो, असं काहीतरी त्या नजरेत होतं. ‘‘रमेशराव, तुम्ही चाखलंय?’’

मी चाखलं नव्हतं. पाहिलंही नव्हतं.

मग तो त्यांचा ध्यास झाला. पण काकांच्या कंपनीत त्या उन्हाळ्यात नव्या मॉडेलची गडबड होती, शनिवार-रविवारही जावं लागायचं. ‘नेक्स्ट वीकेंडला नक्की’ असं म्हणता म्हणता तात्यांचे सहा महिने संपत आले. मंगळवारचं परतीचं विमान. मध्ये एकच शनिवार उरला होता.

आणि नेमकं तेव्हाच मला पहिल्यांदा कुणीतरी वीकेंडला बोलावलं.

मिलिंद माझ्याच प्रयोगशाळेत होता. मुंबईचा, इंग्रजी शाळेतला, स्वतःची जुनी लांबलचक गाडी असलेला. तो, कॅरन आणि डेव्ह — आमच्याच वर्गातले — मिशिगन तळ्यावर निघाले होते. ‘‘यार, तूही चल ना. एक सीट अजून रिकामी आहे, कुणाला आणायचं तर आण.’’ मी त्याच संध्याकाळी तात्यांना फोन केला. पलीकडे त्यांनी रिसीव्हर तसाच बाजूला ठेवला. मग ते काकूंना ओरडून सांगताना ऐकू आले, ‘‘अगं, पोरगा नेतोय मला! दशम्या करायला लाग!’’ प्रवासाला पाण्यात मळलेली भाकरी चालत नाही, दुधातली दशमी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. ती टिकते.

इथपर्यंत मी चांगला माणूस होतो. नाही का?

बुधवारी मेसमध्ये मी मिलिंदला सांगितलं की गावाकडचे एक आजोबा बरोबर येतील. त्याला आनंदच झाला. ‘‘ग्रेट! मी इंटरप्रिटर होईन. आता तुझी सगळी कुंडली काढून घेतो त्यांच्याकडून.’’ कॅरनही हसली, म्हणाली, हा तर कधी घरचं काही सांगतच नाही.

खरं तर मी सांगितलं होतं. वर्षभरापूर्वी सांगितलं होतं की वडील धान्याच्या व्यापारात आहेत. मोंढ्यात धान्यच असतं — खोटं कुठं होतं? असं मी स्वतःला म्हणायचो. आणि आता साडेतीन तास त्या गाडीत तात्या बसणार होते, मांडीवर थाप मारणार होते, मिलिंद त्याचं इंग्रजी करणार होता.

शुक्रवारी दुपारी मी वसतिगृहाच्या जिन्याखालच्या फोनवरून ट्रॉयला फोन लावला. तात्यांनीच उचलला. मी म्हणालो, ट्रिप कॅन्सल झाली. मिलिंदची गाडी बिघडली.

किती सहज आलं तोंडातून. मला वाटलं होतं अडखळेन.

‘‘असू दे, असू दे,’’ तात्या म्हणाले. ‘‘यंत्र हाय, बिघडायचंच.’’ पुढे म्हणाले, ‘‘तुम्ही तरुण हायेत, कधीतरी जाल. जाल तेव्हा आधी चव घ्या, मग बघा. डोळे फसतात. जीभ न्हाई फसत. आन् मला कळवा.’’

मिलिंदला सांगितलं, आजोबांना बरं नाही. एका खोट्याला दुसरं जोडलं, झालं.

पण ते एवढ्यावर थांबलं नाही. संध्याकाळी काका कंपनीतून घरी जाऊन मग वसतिगृहावर आले, हातात फॉइलमध्ये बांधलेलं गाठोडं. ‘‘तात्या म्हणाले, केलेल्या दशम्या वाया कशाला घालवायच्या, पोराला देऊन ये.’’ गाठोडं अजून कोमट होतं. मी ते घेतलं. थँक्यूसुद्धा म्हणालो.

शनिवारी आम्ही गेलो.

त्या दिवसाबद्दल लिहायचा मला हक्क आहे का, माहीत नाही. पण न लिहिणं हेही लपवणंच झालं. गाडी थांबली तिथं वाळूचा डोंगर होता. एवढी वाळू मी कधी पाहिली नव्हती. चढताना पाय मागे घसरत होते, डेव्ह पुढे ओरडत पळत होता. मी वर पोचलो आणि — काय सांगू? पलीकडे काहीच नव्हतं. निळं, आणि मग आणखी निळं, आणि त्याच्यापुढं सरळ आभाळ. लाटा येत होत्या. पण खारट वास नव्हता. वाऱ्याला पावसाळ्यातल्या विहिरीसारखा वास होता. आमची सगळी गल्ली, सगळ्या घागरी, रांगेत उभी आई, असं सगळं मला त्या पाण्यासमोर दिसलं आणि मी इतका लहान झालो की मला बसावं लागलं. बाकीचे उतरून पाण्यात गेले. मी सगळ्यांत शेवटी गेलो. गुडघ्यावर बसलो, ओंजळ भरली आणि प्यालो.

दुपारी आम्ही दशम्या खाल्ल्या, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. कॅरनला फार आवडल्या. कुणी केल्या, तिनं विचारलं. मी म्हणालो, ओळखीचं एक कुटुंब आहे. गाडीत माझ्या शेजारची सीट रिकामी होती. जाताना आणि येतानाही गाठोडं तिथंच ठेवलं होतं.

आता उरलेलं सांगतो. ते जास्त वाईट आहे.

रविवारी काका मला तात्यांचा निरोप घ्यायला घेऊन गेले. माझ्याकडे बुटांचा एकच जोड होता. मराठी घर, दारातच बूट काढायचे. मी वाकून बूट काढला आणि त्यातून वाळू सांडली, काळ्या पायपुसण्यावर पांढरी, मूठभर. काका पुढे निघून गेले होते. तात्या तिथंच स्टुलावर बसले होते, बॅगेची दोरी आवळत. त्यांनी दोरी सोडली. वाकले, चिमूटभर वाळू उचलली आणि अंगठ्याखाली फिरवली.

‘‘कुठली?’’

‘‘विद्यापीठात बांधकाम चालू आहे,’’ मी म्हणालो.

त्यांनी ती वाळू तळहातावर घेऊन उजेडाकडे धरली. मग म्हणाले, ‘‘बांधकामाला असली चालत न्हाई, रमेशराव. लई बारीक. पाण्यानं घासून गोल झालीय. सिमेंट धरत न्हाई ही.’’ आणि हात झटकून हसले. ‘‘चला. वरण गार होतंय.’’

त्यांना कळलं होतं. तीस वर्षं पाण्याच्या काठावर काढलेल्या माणसाला मी वाळूबद्दल थाप मारली होती. पानावर त्यांनी स्वतः मला तूप वाढलं. मी जेवलो.

परत गेल्यावर त्यांचं पत्र आलं, निळ्या एरोग्रामवर, ठसठशीत, आकडे लिहायची सवय असलेल्या अक्षरात. तलाव या साली किती भरला, जायकवाडी धरणातून पाणी कधी सोडलं. आणि शेवटची ओळ — ‘तळ्यावर जाणे झाले का? चव कळवावी.’

ते मला दार उघडून देत होते, हे मला तेव्हाही समजत होतं. एका शब्दानं दोष न देता, नुसतं दार. मी लिहिलं, ‘अजून जमले नाही.’

सहा महिन्यांनी पुन्हा तीच ओळ. पुन्हा माझं तेच उत्तर. तिसऱ्या पत्रात अक्षर हललेलं होतं, तलावाचा आकडा नव्हता, ओळ मात्र होती. तिसऱ्यांदाही मी तेच लिहिलं. का? खरं सांगितलं असतं तर ते रागावणार नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं. बहुधा तेच सहन झालं नसतं. — नाही, हे कारण झालं. कारणं द्यायची नाहीत असं मी ठरवलं होतं.

या हिवाळ्यात तात्या गेले. मी ट्रॉयला भेटायला गेलो. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या, डोळे पुसत म्हणाल्या, ‘‘शेवटच्या फोनवरसुद्धा विचारत होते रे. रमेशराव गेले का तळ्यावर? गेलास का तू कधी?’’

बघा — आता तर कुणाला घाबरायचं होतं? मिलिंद नोकरी लागून निघून गेलाय. माझा बाप हमाल आहे हे आता प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत आहे, मीच सांगितलं, आणि कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. तात्या नव्हते. फक्त काकू होत्या, आणि त्यांच्या मागे सिंकमध्ये नळ ठिबकत होता.

‘‘नाही काकू,’’ मी म्हणालो. ‘‘अजून नाही जमलं.’’

चार वर्षं झाली त्या शनिवारला. एका माणसानं मला एकच गोष्ट विचारली होती, आणि तिचं उत्तर माझ्या जिभेवर होतं.

मी आधी पाहिलं, मग चव घेतली. उलटं केलं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाणी गार होतं, दात शिवशिवले. आणि गोडं होतं, तात्या. गोडंच होतं.