वास घेणारे रंगनाथराव

डोंगराची फेरी जिथे सुरू होते, तिथे रंगनाथराव उभे असत आणि येणाऱ्याच्या अंगाचा वास घेत. चालणारा असो की सायकलवाला, आधी नाक पुढे येई, मग प्रश्न. "अत्तर लावलं का? हात दाखवा." वास आलाच तर म्हणत, "लई चांगलाय. आज नका जाऊ."

मूळचे देवगाव रंगारीचे, कारखान्यातून निवृत्त होऊन बजाजनगरात राहिलेले. दर रविवारी इतक्या लांबून स्कूटरने हा माणूस कशासाठी येतो, हे कोणालाच कळत नव्हते. काहींच्या मते तो दारू हुंगत होता. काहींच्या मते वरच्या जमिनीवर कुणाचा तरी डोळा होता आणि हा त्याचा माणूस. मला दुसरे जास्त पटत होते. मी दोनदा विचारले. "सांगितलं की लोक बघायला जातेत," एवढेच उत्तर मिळाले.

एकदा सुगंधी क्रीम लावलेल्या सायकलस्वाराला त्यांनी अडवले.

"काका, तुम्ही पोलिसांचं कुत्रं आहात का?"

"व्हय," म्हणत ते खाली बसले आणि त्याच्या पुढच्या चाकाची हवा सोडली.

तक्रार झाली. पुन्हा तिथे थांबणार नाही, असे पोलिसांनी त्यांच्याकडून लिहून घेतले. मी दोन्ही बाजू घेऊन आमच्या पेपरात बातमी दिली. त्यांच्या बाजूला एकच वाक्य होते : कारण सांगण्यास नकार.

पंधरा दिवसांत फेरीवर आग्या मोहोळ उठले. अत्तर लावलेले दोघे दवाखान्यात गेले, वाचले.

मी बजाजनगर गाठले. रंगनाथरावांनी आधी चहा दिला. मग सांगितले, की त्यांचा मित्र लग्नात हाताला लावलेल्या अत्तरासकट फेरीला गेला होता. माश्यांनी त्याला जिवंत सोडले नाही. त्यानंतर रंगनाथराव येणाऱ्या प्रत्येकाला पोळ्यांचा कडा दाखवून सावध करू लागले, तर पोरे तिथे जाऊन व्हिडिओसाठी धोंडे मारू लागली. तेव्हापासून त्यांनी कारण सांगणे बंद केले.

हे छापतो, असे मी म्हणालो.

"जागा छापू नका. आता तिथं कोन उभं राहतंय?"

कोणी नाही, मी म्हणालो.

"मग तुमी राहा. नाक हाय ना?"

रंगनाथराव आता नाहीत. कडा कोणता, ते इथेही लिहिलेले नाही. मी उभा राहिलो त्या पहिल्याच रविवारी एका बाईंनी माझा फोटो काढून ठेवला आणि नाव विचारले. नाव सांगितले, कारण नाही.