नोहा मिस्त्री आणि गाडीखालचं खेटर

नेवाशातून शेवगावकडं निघालं की शेवटच्या रसवंतीनंतर डाव्या हाताला पत्र्याचं एक शेड लागतं. त्याला पाटी नाही. ज्याला गाडी दाखवायची तो विचारत येतो, आणि ज्याला विचारायची लाज वाटते त्याची गाडी आपण पाहावी, असं नोहा अमोलिकला कधी वाटलं नाही.

माणूस बासष्टीचा, काटक, पाठीचा कणा पहारीसारखा. नगरच्या लष्करी वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं तो गाड्यांच्या पोटाखाली उताणा पडून होता. तेवढ्या वर्षांत आभाळ त्याच्या वाट्याला थोडंच आलं. त्याच्या डोळ्यांवर असायचं ते चिखलानं माखलेलं लोखंड. निवृत्त होऊन गावी आला तो एक मत पक्कं करूनच. गाडी चालवणारे पुष्कळ, मिरवणारे त्याहून पुष्कळ, आणि खाली वाकून पाहणारे बोटांवर मोजावेत इतके. बाकीच्यांना तो माणसांत धरत नसे. रविवारी चर्चच्या पुढच्या बाकावर बसून तो शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा उपदेश ऐकायचा, मान डोलवायचा, आणि सोमवारी पहिल्याच गिऱ्हाइकाला विचारायचा, गाडी घेतली तवा डोकं शोरूमातच इसरलं का?

त्याची बायको हन्ना म्हणायची, तुमच्या जिभेला जरा ग्रीस लावा. त्यावर तो म्हणायचा, ग्रीस अडतंय तिथं लावत्यात, माझी जीभ बरोबर चालतीय.

यंदा नोहाच्या या तुच्छतेला पोटभर खाद्य दिलं ते हर्षलशेठनं.

हर्षलच्या बापानं कारखान्याला ऊस वाहणारे ट्रॅक्टर लावले आणि घर उभं केलं. पोरानं त्या घरापुढं डोंगर चढणारी काळी गाडी आणून उभी केली. वर शिडी, पुढं दिव्यांची माळ, बाजूला फावडं. त्या फावड्याला माती अजून माहीत नव्हती. काळ्या रानात पावसाळ्यात साधी गाडी रुतते म्हणून घेतली, असं तो सांगायचा. रानात मात्र त्याचा गडी सायकलवर जायचा आणि गाडी रविवारी राजूरकडच्या डोंगरात जायची. तिथं मित्र मोबाईल धरून उभे राहायचे, हा चिखलातून वर यायचा आणि संध्याकाळपर्यंत किती जणांनी पाहिलं ते मोजायचा.

या गाडीला एक बटण असतं. साध्या गाडीचं एक चाक चिखलात सुटलं की तेच गरागरा फिरतं आणि दुसरं नुसतं उभं राहतं. बटण दाबलं की मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा आतून कुलूप लावतो, आणि दोन्ही चाकं एका दमानं ओढतात. कडक रस्त्यावर मात्र ते लावायचं नसतं, आतले दाते झिजतात. कुलूप लागलं की नाही ते सांगायला त्या गोळ्यावर अंगठ्याएवढा सेन्सर असतो. तो मुका झाला की कुलूप लागत नाही आणि पुढं एक दिवा लुकलुकत राहतो. घरांना दारं नसलेल्या शनिशिंगणापूरला दर शनिवारी जाणारा हर्षल आपल्या गाडीच्या या कुलपाचं कौतुक मात्र चारचौघांत सांगत फिरायचा.

सहा महिन्यांत तीन सेन्सर गेले. शहरातल्या वर्कशॉपनं तिन्ही वेळा नवीन बसवला आणि तिसऱ्या वेळी कागदावर लिहून दिलं, की ड्रायव्हर डांबरी रस्त्यावर कुलूप लावून गाडी पळवत असावा. हर्षलला तेवढंच हवं होतं. चौकातल्या हॉटेलात बसून त्यानं सांगितलं, माझ्या डायव्हरनं, छगननं, माझी गाडी खाल्ली.

छगन मूळचा पाथर्डीकडच्या खडकाळ रानातला. ऊसतोडीला आलेल्या टोळीत तो आणि बायको मनकर्णा कोयता घेऊन आले होते. हर्षलच्या बापानं छगनचा ट्रॅक्टरवरचा हात पाहिला आणि त्याला ठेवून घेतलं. दहा वर्षं झाली, कोयता सुटला. आता रविवार सोडला तर काळी गाडीही तोच चालवायचा. आता हॉटेलातला तो एक शब्द गावभर झाला. ज्यानं मालकाची गाडी खाल्ली त्याच्या हातात दुसरा कोण किल्ली देणार? त्यानं काम विचारलं त्या दोन ट्रॅक्टरवाल्यांनी तर तोंडावरच नाही म्हटलं. दसरा जवळ आला तसा भीमा मुकादम वस्तीवर चकरा मारू लागला. माणसं जमवून टोळी भरायची हेच त्याचं काम. तो छगनला हसत विचारून गेला, कोयता गंजला न्हाई ना रं? आणि मनकर्णाचं कंबरडं तर गेल्या वर्षीच गेलं होतं. उसाची मोळी आता तिच्या डोक्यावर चढणार नव्हती.

चौथ्यांदा दिवा लुकलुकला तेव्हा हर्षलनं किल्ली परत मागितली. छगननं एकच मागणं केलं. एकदा नोहा मिस्त्रीला दाखवू. तो म्हणला माझी चूक, तर मी उद्याच कोयता घेतो. हर्षलनं होकार दिला, कारण त्याला साक्षीदार हवा होता. तो आला तो पांढऱ्याशुभ्र कपड्यात, बरोबर चार मित्र घेऊन. छगन मागं उभा राहिला.

नोहानं आधी गाडी पाहिलीच नाही. त्यानं शेठ आणि मित्र अशा पाचही जणांचे बूट पाहिले, कुणाच्याच तळाला माती नव्हती, आणि पोतं अंथरून तो गाडीखाली गेला. गोळ्याच्या बुडाचा नट खोलून थोडं ऑइल त्यानं घमेल्यात घेतलं. त्या नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं. आतले दाते झिजले तर त्याचा कीस तिथं येऊन चिकटतो. नोहानं नट न पुसता तसाच मित्रांच्या नाकापुढून फिरवला. कीस नव्हता. डांबरावर कुलूप लावून पळवलेल्या गाडीच्या नटाला दाढी येती, तो म्हणाला, ह्यो तर तुमच्यासारखाच गुळगुळीत हाय.

मग तो परत खाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचा आवाज मधासारखा झाला होता. हन्ना शेडच्या दारात थांबली. हा आवाज तिला ठाऊक होता.

"शेठ, मागं हे खेटर कुणी बांधलंय? लई निगुतीनं बांधलंय."

हर्षल फुलला. "मीच. शिंगणापूरहून आलो की दर शनिवारी नव्या लिंबासकट बांधतो. छगनला हात लावू देत नाही. दृष्टीचं काम परक्या हातानं होत नसतं."

"अन् तार?"

"स्लॅबची, बाइंडिंगची. चार पिळे देतो. आधी प्रेशरनं खालून धुवून घेतो, मग बांधतो."

"म्हंजे परत्येक येळी तुमचाच हात."

"माझाच," हर्षल म्हणाला आणि त्यानं मित्रांकडं पाहिलं.

"मग या. पडा हितं माझ्या शेजारी."

नाही म्हणायची सोय नव्हती. एका मित्रानं मोबाईल वर धरलाही होता. पांढरे कपडे पोत्यावर आडवे झाले. नोहानं बॅटरी धरली. सेन्सरची वायर गोळ्यावरून जात होती आणि तिच्यावरूनच खेटराची तार आवळलेली होती, चार पिळ्यांत. वायरची कातडी सोलून आतलं तांबं हिरवं पडलं होतं. जोड उघडला तर रबर सरकलेलं, आत पाणी, आणि पाण्याला लिंबाचा वास.

नोहा तसाच उताणा पडून बोलत राहिला. आकसा, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, खालीवर होतो म्हणून वायर ढिली सोडतात, तिच्या क्लिपातच ठेवतात, तिला काही बांधत नाहीत. प्रेशरचा फवारा जोडावर मारत नाहीत. चिखलातून आलं की जोड उघडून हवा मारायची, वायरींच्या जोडात पाणी शिरू न देणारं बिजलीचं ग्रीस बोटभर लावायचं, टक् वाजेपर्यंत बसवायचं. पंधरा दिवसांतून एकदा भुसभुशीत रानात कुलूप लावून काढायचं, नाहीतर ते आखडतं. एवढं केलं तर सेन्सर गाडीइतका जगतो. शहरातल्या शहाण्यांनी तीन सेन्सर बदलले, पण खाली वाकून वायर एकानंही पाहिली नाही. वाकलं तर टाय मळत असंल, तो म्हणाला.

हर्षल बाहेर आला. पाठीला पोत्याचा काळा ठसा. तो छगनवर उखडला, तू सांगायचं ना.

"दोनदा सांगितलं मालक," छगन म्हणाला. "तार वायरीवर जातीय म्हनून. तुमी म्हनला, डायवरानं देवाच्या कामात तोंड घालू न्हाई."

मित्रांपैकी एक हसला आणि मग घाईनं खोकला.

नोहानं वायर जोडली, रबर बदललं, ग्रीस भरलं. शेडमागच्या नांगरटीत गाडी घातली, बटण दाबलं. दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. सेन्सर चांगलाच होता. आधीचे तिन्हीही बहुधा चांगलेच असतील; नवा बसवताना जोड पुसला जायचा, म्हणून थोडे दिवस चालायचं.

हर्षलनं हळू आवाजात विचारलं, की मग खेटर बांधायचं कुठं.

"तुमच्या शिटापुढं," नोहा म्हणाला. "नजर तिथनंच लागतीय."

हर्षलनं किल्लीसाठी हात पुढं केला. नोहानं ती मुठीतच ठेवली. गाडीचं काम झालं, पण चौकात जे बोललात त्याचं काम ऱ्हायलंय, असं त्यानं शांतपणे सांगितलं, आणि किल्ली छगनच्या हातात दिली. हर्षलनं माफी मागितली नाही. माफी मागायला मान खाली घालावी लागते, आणि त्याची मान गाडीखालून निघताच पुन्हा ताठ झाली होती. पण मित्र पाहत होते, मोबाईल अजून वर होता. तो दार उघडून पुढं डाव्या बाजूला बसला. छगन चालवायचा तेव्हा तो मागं बसायचा; ड्रायव्हरच्या शेजारी तो कधी बसला नव्हता.

छगननं गाडी चौकातून नेली, बैलगाडीच्या चालीनं. हॉटेलपुढं बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं. स्टिअरिंगवर छगन, शेजारी शेठ, आणि शेठची नजर मांडीवरच्या मोबाईलमध्ये. आमच्याकडं गावाला एवढं पुरतं. बोललेला शब्द तोंडानं मागं घेतात ते मोठी माणसं; हर्षलसारख्यांना तो असा गाडीत बसवून परत आणावा लागतो.

भीमा मुकादम तिथंच चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली, वहीतल्या एका नावावर रेघ मारली आणि मोटारसायकलला किक मारली. छगनच्या वस्तीचा रस्ता उजवीकडं जातो. तो डावीकडं, कालव्याच्या अंगाला वळला.