एकाच पाळीतला लाल धागा

माझ्या तक्रारीमुळे एका माणसाची घरी जायची सुट्टी अडली. तक्रार चुकीची होती. ती चुकीची आहे हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावरही मी पावसाळा सरेपर्यंत तोंड उघडलं नाही. पहिल्या चुकीला संशय म्हणता येईल, आणि संशय घेणं हे आमच्या नोकरीचंच काम होतं. दुसऱ्या चुकीला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

त्या वर्षांत मी एका कारागृहात रक्षक होतो. घर अंजूरला. सकाळी रिक्षाने भिवंडी, तिथून एसटी. नवे अधीक्षक आल्यापासून आमच्याकडे बरंच बदललं होतं. बंद्याला नंबराने नाही, नावाने हाक मारायची. बाहेर गेल्यावर पोट भरेल असं काम त्याला शिकवायचं. बेकरी होती, सुतारकाम होतं, आणि जुने पॉवरलूम आणून एक शेड उभी केली होती. अधीक्षक म्हणायचे, "तुम्ही स्वतःला शिक्षक समजा." आम्ही माना डोलवायचो. बाहेर आल्यावर आमचे एक जुने हवालदार म्हणायचे, "शिक्षक म्हणे! मग दांडका काढून घ्या नि खडू द्या."

शेडची ड्युटी मला मिळाली ती मी भिवंडीकडचा म्हणून. "तुला लूममधलं कळतं," जेलर म्हणाले. कळत होतं, पण मालकाच्या बाजूचं. खाडीकडचं शेत गोडावनला गेल्यावर वडिलांनी गाळा बांधून चार लूम टाकले होते. शाळा सुटली की मी तिथे जायचो. आत शिरताना वडील कानाशी वाकून सांगायचे, "लूमवाल्याचे हाताकडं नको बघू. कंबरंकडं बघ." सूत कमरेला गुंडाळून नेतात, असं त्यांचं म्हणणं. तसं नेताना मी कधी कुणाला पाहिलं नाही. पण गाळ्यात पाऊल टाकलं की नजर कमरेवर जायची ती जायचीच.

त्याच गाळ्यात मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. पाळी बदलताना दिवसाचा कारागीर आपलं काम जिथे संपलं तिथे कापडाच्या काठाला लाल धाग्याची गाठ मारायचा. तिथून पुढचं कापड रात्रीच्या कारागिराचं. मजुरी मीटरवर, म्हणून उगाच वाद नकोत. भिवंडीत ही खूण पोरासोरांनाही ठाऊक.

तोच लाल धागा मला कारागृहाच्या शेडमध्ये दिसला.

कोपऱ्यातल्या लूमवर एक बंदी काम करायचा. पस्तिशीचा असेल. आईबाप लूमसाठी उत्तरेकडून आलेले, हा भिवंडीतच वाढलेला. गाळ्यातल्या एका मारामारीत माणूस दगावला होता, त्यात याला शिक्षा झाली होती. बोलणं कमी. एका संध्याकाळी विणलेले ताके, म्हणजे कापडाच्या गुंडाळ्या, तपासताना त्याच्या कापडाच्या काठाला मला लाल गाठ लागली. मी थबकलो. आमच्याकडे रात्रपाळी नव्हती. संध्याकाळच्या गिनतीआधी लूम बंद व्हायचे. एका लूमवर एकच माणूस. मग पाळीची खूण कुणासाठी?

दुसऱ्या कुठल्या गावचा रक्षक असता तर त्याच्या नजरेला तो धागा आलाच नसता. माझ्या आला, आणि अर्धाच कळला.

मग मी रोज बघू लागलो. गाठ कधी ताक्याच्या शेवटाजवळ असायची, कधी चांगली आत. एखाद्या दिवशी नसायचीच. मी त्याला विचारलं नाही. विचारलं तर सावध होईल. शेडमध्ये मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचो आणि खिडकीच्या काचेत त्याचे हात बघायचो. वडिलांनी सांगितलं होतं तसं कमरेकडेही.

आमचं कापड धुलाईला आणि घडीला भिवंडीतल्याच एका कारखान्यात जायचं. एकदा मुलाखतीच्या, म्हणजे घरच्यांच्या भेटीच्या दिवशी माझी ड्युटी जाळीपाशी होती. त्याची आई आली होती, ओढणीने डोळे पुसत. "छोटा फोल्डिंग में लग गया है," ती त्याला म्हणाली. म्हणजे धाकटा भाऊ ताके उलगडून तपासायच्या, घड्या घालायच्या कामाला. झालं. हा आतून खूण करतो, तो बाहेर वाचतो, असं सगळं माझ्या डोक्यात बसलं. तेव्हा मोबाइल नुकतेच आत सापडू लागले होते. भिंतीवरून पुडकी पडायची. कधी टाकायचं, कुठून टाकायचं, हे कळवायला एक धागा पुरे.

तेवढ्यात आई म्हणाली, "बेटा, ज़रा उजाले में आ."

तो खिडकीकडे सरकला. मीही सरकलो. "इथंच उभं राहायचं," मी म्हणालो.

"साहब, अम्मा को ठीक से दिखता नहीं. डॉक्टर बोला, धीरे धीरे पूरा जाएगा." मग मराठीत म्हणाला, "म्हणून फर्लोसाठी अर्ज केलाय. घरी दारात बसेन, उजेडात. एकदा नीट बघू दे तिला मला."

फर्लो म्हणजे शिक्षा भोगत असताना चांगल्या वागणुकीवर मिळणारी सुट्टी. त्याची पहिलीच होती आणि मंजुरीच्या तोंडावर आली होती.

"फर्लो मागणाऱ्या प्रत्येकाची आई आजारीच असते," मी म्हणालो.

आई माझ्या आवाजाच्या दिशेने बघून हसली. "नमस्ते साहब."

त्याच आठवड्यात मी जेलरना सांगितलं. त्यांनी त्याला बोलावलं, ताका टेबलावर पसरला, गाठीवर बोट ठेवलं.

"हे कुणासाठी?"

त्याने गाठीकडे पाहिलं. मग क्षणभर दाराबाहेर, शेडच्या दिशेने. "ऐसे ही, साहब. आदत है."

"इथे कसली पाळी बदलते रे?"

"आदत है, साहब."

मी बाजूला उभा होतो. त्याचं ते शेडकडे बघणं मी टिपलं आणि मनात म्हटलं, सापडला. चौकशी होईपर्यंत फर्लो थांबली. लूमवरून काढून त्याला अंगण झाडायला लावलं. सकाळच्या हजेरीला जेलरनी माझं नाव घेऊन शाबासकी दिली. हवालदार म्हणाले, "भिवंडीकर, धागा तर पकडलास. आता पतंग पण पकड." सगळे हसले, मीही हसलो. घरी वडिलांना सांगितलं तर ते खाटेवरून उठून बसले. "तुला बोललो व्हतो ना!"

पतंग सापडला नाही. भावाकडे काही मिळालं नाही. बराकीच्या झडतीत काही मिळालं नाही. चौकशी कागदावर पडून राहिली.

पाऊस लागल्यावर एका दुपारी शेडमधला एक म्हातारा बंदी माझ्याजवळ आला. आतल्या गावचा शेतकरी, बांधाच्या भांडणात आत आलेला. त्याचा हात थरथरायचा, म्हणून डॉक्टरांनी त्याला लूमची मनाई केली होती. तो फक्त कांड्या भरायचा, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचा.

"साहेब, एक बोलायचं हाय. त्यो लाल धागा माझा हाय."

"तुझा? तू कुठे लूमवर असतोस?"

"दुपारच्याला तुमी जेवाया नि शिकवनारे निदेशक साहेब बेकरीकडं गेले का त्यो मला त्याच्या लूमवर उभा करायचा. मी जिथून इनाया लागलो तिथं गाठ मारायचा. सांजच्याला दाखवायचा. म्हनायचा, चाचा, कल इतना था, आज देख." त्याने थरथरत्या हातांनी अंतर दाखवलं.

"आणि तुला कशाला पाहिजे लूम या वयात?"

"भाईर जाऊन काय करू? शेत न्हाय ऱ्हायलं. गावाशेजारी गाळं झालंत."

"मग जेलरसमोर त्याने सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तं माझं कांडीचं कामबी गेलं आसतं. मला गप ऱ्हा म्हनला. पन त्याची म्हातारी... साहेब, तुमी सांगा आता. माझं काय व्हायचं ते होऊं द्या."

ऐकताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? दोघांनी मिळून रचलंय. आधी दवाखान्याचे दिवस आठवून बघितले. म्हातारा तपासणीला जायचा त्या दिवशी गाठ नसायची. तरी मी मानलं नाही. कुलूप काढून जप्त केलेले ताके उलगडले. गाठीच्या अलीकडे कापड स्वच्छ होतं. गाठीच्या पलीकडे उभ्या रेघा होत्या, तुटलेला ताण्याचा धागा वेळेवर सांधला नाही की पडतात तशा. जुन्या ताक्यात त्या जास्त होत्या, नंतरच्या ताक्यात कमी. एक थरथरता हात सुधारत चालला होता, आणि दुसऱ्याने त्याचं काम स्वतःच्या नावावर जाऊ दिलं नव्हतं. इतकंच होतं ते.

मी ताके गुंडाळून ठेवले आणि कुलूप लावलं.

जेलरकडे गेलो नाही. आज उशीर झाला, उद्या जाऊ. उद्या अधीक्षक दौऱ्यावर होते. मग मी स्वतःला समजावलं की सांगितलं तर बिचाऱ्या म्हाताऱ्याचं काम जाईल. पण म्हाताऱ्याने तर मला त्यातून मोकळं केलं होतं. खरं कारण हलकं होतं. हजेरीला माझं नाव घेतलं होतं. "पतंग कुठाय?" हे पुन्हा ऐकायचं नव्हतं. आणखीही एक आहे, तेही लिहून टाकतो. तो आमच्या गावाकडचा पोरगा असता तर मी आधी त्याला विचारलं असतं आणि मग वर कळवलं असतं. त्याच्या बाबतीत मी आधी कळवलं, आणि विचारलं तर कधीच नाही.

म्हातारा रोज कांड्या भरताना माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, हा आता दुसऱ्या कुणाला सांगणार. मी त्याच्यावर नजर ठेवू लागलो. खरं बोललेल्या माणसावर पाळत!

पाऊस संपत आला तेव्हा पुन्हा जाळीपाशी ड्युटी लागली. आई आली, या वेळी धाकट्याचा हात धरून. जाळीच्या आत मोठा न सांगता खिडकीच्या उजेडात जाऊन उभा राहिला. ती शेजारच्या भिंतीकडे बघत होती.

"आया क्या?"

"सामने हूँ, अम्मा."

"हाँ, हाँ," ती म्हणाली आणि आवाजाकडे वळली. तिने जाळीला हात लावला. तोही थोडा चुकीच्या जागी.

तो माझ्याकडे वळला नाही. एकदाही नाही. मी वाट बघत होतो की तो काहीतरी बोलेल, शिवी देईल.

ड्युटी संपल्यावर मी जेलरच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि हे तुला कधी कळलं?"

"पावसाच्या सुरुवातीला."

"जा तू," ते म्हणाले.

अडलेली फर्लो मंजूर झाली. म्हाताऱ्याला अधीक्षकांनी निदेशकाच्या देखरेखीखाली रीतसर लूमवर उभं केलं. कोपऱ्यातल्या लूमवरचा तो घरी जाऊन आला. दारात, उजेडात, आईसमोर बसला का, मला माहीत नाही. परत आला तो "साहब" म्हणत, आधीसारखाच. मी माफी मागितली नाही. आत असलेल्या माणसाला रक्षकाची माफी नाकारता येत नाही, तेव्हा तो सुटल्यावर मागू, असं मी ठरवलं. हा विचार बरोबर होता की आणखी एक पळवाट, ते आजही सांगता येत नाही.

आणखी काही वर्षांनी तो सुटला. पुढे मी भिवंडीत चहाच्या टपऱ्यांवर विचारत विचारत तो कामाला होता तो गाळा शोधून काढला. भर दुपारी गेलो, सगळे लूम चालू असताना. मुद्दाम. त्या खडखडाटात बोललो तर बोलल्यासारखं होईल आणि त्याला ऐकू जाणार नाही, असा माझा हिशेब होता. त्याने मला ओळखलं. मी दारात उभा राहून पुटपुटलो. लूमवाले ओठांवरून बोलणं ओळखतात, हे मालकाच्या मुलाला ठाऊक असायला हवं होतं. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला, मग मान हलवली. त्याने स्वतःचा लूम बंद केला. शेजारच्यांना खूण केली. एकेक करत सगळे लूम थांबले.

"आता बोला, साहेब," तो म्हणाला. "मला नको. अम्मा पीछे बैठी है, उसको बोलो."

ताक्यांच्या ढिगाला टेकून ती बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि हिंदी जुळवू लागलो.

"मराठी समझती हूँ," ती म्हणाली. "बोलो."

मागे सगळे कारागीर उभे होते.

"अम्मा, मी तुरुंगातला शिपाई. तुम्हाला दिसत होतं तेव्हा तुमच्या मुलाला मी घरी येऊ दिलं नाही. त्याने काही केलं नव्हतं. मी त्याला साधं विचारलंही नाही. आणि खरं काय ते कळल्यावर माझी लाज जाऊ नये म्हणून गप्प बसलो. त्या दिवसांत तुमची नजर गेली. चूक माझी आहे. मला माफ करा."