वायरमनच्या घरातला करंट

त्या वायरमनला अनवाणी पाहिलेला माणूस अख्ख्या गल्लीत सापडला नसता. जाड रबरी तळव्याच्या चपला त्याच्या पायाला जन्मापासून चिकटल्यासारख्या असत. कामावरच्या वेगळ्या, घरातल्या वेगळ्या, न्हाणीघरातल्या आणखी वेगळ्या. उमेदवारीच्या काळात त्याच्या वस्तादाने बजावलं होतं, "एक वेळ तारेला हात लागू दे, पण तेव्हा पाय जमिनीला टेकलेला नको." दुसऱ्या कुणी हा सल्ला कामापुरता पाळला असता. यानं तो आयुष्यालाच लावून घेतला. सकाळी पलंगावरून उतरताना त्याचे पाय आधी चपला चाचपत आणि डोळे मग सावकाश उघडत. पुसलेल्या फरशीवर चपलांचे ठसे उठतात म्हणून बायको सुरुवातीला कुरकुरली, मग दमली, मग गप्प बसली.

कामाला मात्र माणूस चोख. कुणाच्या फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात, कुणाच्या नळातून करंट येतो, अशी हाक आली की हा पिशवी घेऊन हजर. जाताना घरमालकाला चार शब्द सुनवायलाही विसरायचा नाही. "अर्थिंग नाही तुमच्याकडे. घर बांधताना काय झोपला होता काय?" आणि वर आपल्या घराची फुशारकी मारायचा. तिथे सगळी वायरिंग त्याच्या हातची. करंटची काय बिशाद!

अशा या घरात त्याची आई राहायला आली. वडील गेल्यापासून ती धाकट्याकडे होती आणि ही गोष्ट थोरल्याच्या मनाला फार लागलेली होती. बोलून दाखवायचा नाही, पण धाकट्याचा फोन आला की तोंड एवढंसं व्हायचं. या वेळी आई म्हणाली होती, "बघते काही दिवस. करमलं तर राहीन कायमची." वायरमन इतका हरखला की विचारू नका.

आईला ऐकू कमी येई. टीव्हीचा आवाज तिच्यापुरता वाढवला की शेजाऱ्यांना वेगळा टीव्ही लावायची गरज उरत नसे. म्हणून त्यानं कपाटावरचा जुना ॲम्प्लिफायर खाली काढला. टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि ॲम्प्लिफायर असे तिघे एकमेकांना तारांनी जोडले आणि लोखंडी पट्टीचे हेडफोन आईच्या डोक्यावर चढवले. आई खुर्चीत बसली, मालिका सुरू झाली, आणि थोड्याच वेळात तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"अरे, हे चावतंय."

"काय चावतंय?"

"कानाला. मुंग्या चावल्यासारखं होतंय."

वायरमननं हेडफोन हातात घेतले, पट्टीवरून बोट फिरवलं, ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हाताची पालथी बाजू लावून पाहिली. काही नाही. लागेल कसं? पायात ते रबराचे दोन पाट होते ना! "आई, वयानं होतं असं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तीच तक्रार. हा तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या. गोळ्या खाऊन आईला भूक चांगली लागू लागली, पण टीव्ही चावायचा थांबला नाही. ती पाय खुर्चीवर घेऊन बसली की बरं वाटे. फरशीवर टेकवले की पुन्हा सुरू. हेही तिनं मुलाला सांगितलं. "मनाचे खेळ गं तुझे," मुलगा म्हणाला आणि दुसऱ्यांच्या घरचा करंट काढायला निघून गेला.

मग एका सकाळी आईनं बॅग भरली. धाकट्याला फोन लावायला सुनेला सांगितलं आणि तो न्यायला निघालासुद्धा. वायरमन चहाचा कप हातात धरून उभाच राहिला.

"आई, झालं काय?"

"काही नाही. तुझं घर मला सोसत नाही."

वायरमननं आधाराला बायकोकडे पाहिलं. तेव्हा त्याला एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. बायको टीव्ही बंद करत होती आणि सेटटॉप बॉक्सचं बटण तिनं लाकडी चमच्यानं दाबलं.

"हे काय? चमचा कशाला?"

"चावतं म्हणून," बायको शांतपणे म्हणाली. "आईंच्या हेडफोनसाठी तुम्ही ते धूड जोडलंत, तेव्हापासून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आईंनी रोज सांगितलं. त्यांना गोळ्या मिळाल्या. मला काय मिळालं असतं?"

बायकोनं त्याच्या पायांकडे नुसतं बोट दाखवलं. वायरमन घुटमळला. शाळेतल्या पोराला टोचायच्या सुईसमोर उभं केल्यावर जसं होतं तसं त्याचं झालं. पण बॅग दाराशी होती. त्यानं चपला काढल्या, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पांढरेफटक पाय ठेवले आणि ॲम्प्लिफायरच्या मागच्या उघड्या स्क्रूला बोट लावलं.

"आई गं!"

आईला ते ऐकू गेलं नसावं, पण त्याची उडी दिसली. ती पदर तोंडाला लावून हसली.

मग मात्र गडी कामाला भिडला. एकेक प्लग काढायचा, आणि पुन्हा बोट लावून दात आवळायचे. सेटटॉप बॉक्स काढला, तरी चावतंय. टीव्ही काढला, तरी चावतंय. ॲम्प्लिफायरचा तीन पिनांचा प्लग काढला आणि सगळं शांत. चोर एकटाच होता. जोडलेल्या तारांमधून त्याचा करंट साऱ्यांच्या अंगात जात होता. पण असला थोडा करंट अर्थिंगमधून जमिनीत निघून जायला हवा होता. त्यानं एक्स्टेन्शन बोर्ड उघडला. तो बोर्ड त्यानंच कधीतरी 'आत्तापुरता' म्हणून बनवलेला. आत दोनच तारा. अर्थिंगचं भोक नुसतं शोभेला.

लोकांना सुनावलेले सगळे चार शब्द त्याला त्या क्षणी आठवले. तो निमूटपणे तीन तारांची वायर घालून बसला, भिंतीतलं अर्थिंग बल्ब लावून तपासलं, सगळं पुन्हा जोडलं आणि अनवाणी पायांनी सगळीकडे बोट लावून पाहिलं. काही नाही.

"आई, निघाला गं करंट! बघ हात लावून."

आईनं हात लावला नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"अरे, जगाच्या घरचा करंट तू चुटकीसरशी काढतोस," ती म्हणाली. "मी रोज सांगत होते तरी माझा काढेनास. मला वाटलं, मुद्दाम ठेवलायस. म्हातारी आपणहून गेली तर बरं, म्हणून."

वायरमनच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. इतके दिवस ही बाई कानाला चावे सोसत, हे मनात धरून बसली होती! त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"नाही गं आई," तो कसाबसा म्हणाला. "तू मला हवी आहेस."

"काय?"

"तू मला हवी आहेस!"

"मोठ्यानं बोल रे."

"आई, तू मला हवी आहेस! जाऊ नकोस!" तो छाती फुटेल असा ओरडला. समोरच्या खिडकीत दोन डोकी आली. जिना चढून आलेला धाकटा उंबऱ्यातच थबकला.

सून सासूकडे बघत होती. पहिल्याच खेपेला सासूचे डोळे भरून आले होते, हे तिनं पाहिलं होतं.

आईनं डोळे पुसले आणि धाकट्याकडे वळली.

"आलास? बस, चहा घे," ती म्हणाली. "पण हा काय ओरडला ते आधी मला सांग. मला नीट ऐकू आलं नाही."