सुतारभाऊंचा अर्धा कप

सुतारभाऊ पुन्हा प्यायला लागले, रोज संध्याकाळी पिशवीतून बाटली नेतात, ही कंडी गल्लीत मीच पिकवली. मग खात्री करायला मागोमाग गेले. बाटली कसली, चहाचा थर्मास! शाळेच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर कसेबसे मावून, दारू सोडलेली सात माणसं प्रार्थना करत होती. नवा आलेला वायरमन मात्र थरथरते हात लपवत दाराकडे सरकला. सुतारभाऊंनी त्याला अर्धाच कप भरून दिला.

"माझे हात याहून नाचायचे. बस."

तो बसला. थेंबही सांडला नाही; सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

"देव न मानणारे तुम्ही, प्रार्थना कुणाची करता?" मी दारातून चिडवलं.

"पहिल्या दिवशी मला ज्यानं अर्धा कप दिला, त्याची. या की आत, वहिनी! जिभेचं व्यसनही सुटतं इथे."